बाबांच्या रक्तातलं निळं

माझ्या वडिलांच्या रक्तातलं निळं कमी झालं होतं, आणि ते आम्हाला एका लिंबाच्या झाडामुळे कळलं. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की मी ते सुरू केलं की माझा नवरा चहा ठेवायला उठतो. पण ऐकवू नको तर काय करू? पुस्तकात वाचलेली गोष्ट उठून आपल्याच अंगणात येते, असं माणसाच्या आयुष्यात कितीदा होतं? माझ्या आयुष्यात एकदा झालं, आणि मी ते पुरवून पुरवून वापरणार आहे.

मी गोंदियातल्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि फुलचूरला राहते. माहेर अर्जुनी मोरगावकडचं. तिथं आई आणि बाबा दोघंच असतात. धानाच्या थोड्या बांध्या, पाण्यासाठी एक बोडी म्हणजे लहानसं तळं, आणि अंगणात आईचं लिंबाचं झाड. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी धरून ठेवलेलं धानाचं वावर. धुरा हातभर रुंद, कुठं कुठं तेवढाही नाही, आणि दोन्ही बाजूंना चिखल. त्या धुऱ्यावरून बाबा आयुष्यभर असे चालत आले की बघणाऱ्याला तो डांबरी रस्ता वाटावा. दोन्ही हातांत पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या, आणि नजर पार पलीकडच्या बांधीवर, कोणती बाई वाकडी रोवतेय ते शोधत. पायांकडे बघून चालणाऱ्या माणसाचं त्यांना भारी हसू यायचं. मी शहरातून जायची, धुऱ्यावर जपून पावलं टाकायची, की मागून आवाज आलाच, "पायाले डोळे असतेत वं! तू समोर पाह्य!"

त्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत हेच बाबा धुऱ्यावरून घसरून बांधीत पडले. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. मग ते परत पडले, आणि मग पडतच राहिले. "पायाखाली कापूस टाकल्यावानी वाटते," असं ते म्हणायचे, आणि थंड-गरमही पायांना कळायचं नाही. संध्याकाळी उजेड कमी झाला की त्यांना अंगणातून विहिरीपर्यंतही भिंतीचा आधार घेऊन जावं लागायचं.

अशक्तपणा तर त्याआधीपासूनच होता. चेहरा पिवळा पडलेला, दोन पावलं चालले की धाप. आमच्या भागात माणूस पिवळा दिसला की पहिली शंका सिकलसेलची. ती तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही, आणि जीव भांड्यात पडला. मग लोहाच्या लाल गोळ्या सुरू झाल्या. बाबा त्या इमानदारीनं घेत होते आणि रक्त मात्र इमानदारीनं खाली चाललं होतं. शेवटी मी त्यांना गोंदियाला आणलं.

गोंदियातले आमचे डॉक्टर हिंदीत बोलतात, मी मराठीत बोलते, आणि आम्हा दोघांनाही ते कधी जाणवत नाही. त्यांनी एकामागून एक कागद उलटले, चष्मा काढला, परत घातला.

"मॅडम, आयरन की कमी नहीं है इनको. गोदाम भरा पड़ा है. फिर भी खून नहीं बन रहा, और सफेद पेशियाँ भी कम हैं." मग बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, "बाबूजी, और कौन सी दवाई चालू है?"

"काहीच नाही जी," बाबा ठासून म्हणाले. "ह्या लाल गोळ्या तेवढ्या."

मीही शेजारी बसून मान हलवली. डॉक्टर म्हणाले की एकदा नागपूरला जाऊन अस्थिमज्जा तपासून घेऊ, हाडाच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथंच बिघाड असू शकतो. बाबांना ते कळलं नाही, पण मला कळलं. त्या बिघाडात माणसाला दर थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागतं, आणि काही वेळा त्याचा पुढं कॅन्सरही होतो. नागपूरची तारीख ठरली. बाबांना तोवर गावीच राहायचं होतं, धान उघड्यावर पडलं होतं म्हणून. मी त्यांना आणायला शनिवारी दुपारच्या गाडीनं माहेरी गेले, आणि वाटभर खिडकीबाहेर बघत स्वतःलाच दम देत होते की त्यांच्यासमोर रडायचं नाही.

रविवारी सकाळी अंगणात ऊन आलं होतं. घरातला ढोला, म्हणजे धान साठवायची कणगी, भरलेला आणि अर्धं अंगण धानाच्या ढिगानं अडलेलं. खरेदी केंद्रावर बारदाना आला नव्हता, म्हणजे पोती नव्हती, आणि पोती नाहीत तोवर धान कोणी मोजून घेत नाही. हे आमच्याकडे दरवर्षीचं आहे. मी ओसरीवर चहा घेऊन बसले होते. आई लिंबाच्या झाडापाशी उभी राहून कुरकुर करत होती की पानं पिवळी पडून राहिली, शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, यंदा लिंबं काही येत नाहीत.

बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली, ती खाटेच्या लाकडी चौकटीवर ठेवून लोट्याच्या बुडानं चुरली, आणि पूड पाण्यात ढवळून लोटा आईपुढे धरला.

"घे, टाक बुडाशी. हप्त्यात हिरवं होते का नाही पाह्य."

मला हसू आलं. "बाबा, झाडाला माणसाची गोळी?"

"झिंक हाये वं. झिंक झाडाले बी लागते आन् मानसाले बी लागते."

"कोणत्या माणसाला लागतं?"

"मले," बाबा म्हणाले, आणि त्याच पट्टीतली दुसरी गोळी त्यांनी तोंडात टाकली.

माझा चहा तिथंच राहिला. मी उठून त्यांच्या हातातून पट्टी ओढून घेतली. आणि मग प्रश्नांवर प्रश्न. कधीपासून? कोणी दिल्या? दिवसातून किती? बाबा चकित झाले, पण त्यांनी सगळं सांगितलं, कारण त्यांच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. कोरोनाच्या वेळेस सगळ्यांना मिळाल्या तशा त्यांनाही झिंकच्या गोळ्या मिळाल्या होत्या. बाकीच्यांनी त्या संपवल्या आणि विसरले. बाबा विसरले नाहीत, कारण बाबा झिंकला फार आधीपासून ओळखत होते. धानावर खैरा रोग आला की पानं गंजल्यासारखी लालसर पडतात, रोप बसून जातं, आणि बांधीत झिंक टाकलं की तेच धान उठतं आणि हिरवंगार होतं. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी कितीतरी हंगाम पाहिलं होतं.

"धानाले लागू पडते तं मले काऊन नाही पडनार?" त्यांनी मलाच विचारलं.

म्हणून ते अर्जुनीच्या मेडिकलमधून गोळ्या आणत राहिले. कोरोना गेला, गोळ्या राहिल्या. अशक्तपणा वाटू लागला तसं त्यांनी प्रमाण वाढवलं. आधी सकाळी, मग संध्याकाळीही, मग दुपारी वावरात जाताना एक. धाप लागली की आणखी एक. खैरा जात नाही म्हटल्यावर शेतकरी हात आखडता घेतो का?

"अहो, मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकून मी वाया गेले. "त्यानं औषध इचारलं वं. हे औषध थोडी हाये? हे तं खत हाये."

खत! मी अंगणात उभी राहून किंचाळले, "खत आहे! आई, ऐकलंस का, खत आहे!" आईच्या हातून लोटा पडता पडता राहिला. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. मला एकाच वेळी हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी मी धानाच्या ढिगाभोवती फेऱ्या मारत होते. कारण मला ते आठवलं होतं. ते निळं प्रथिन!

नागपूरला एमएस्सी करताना आमच्या पुस्तकात रक्तातल्या प्रथिनांचं एक लांबलचक प्रकरण होतं. त्यातली बहुतेक मी परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरले. एक मात्र डोक्यात घर करून बसलं, कारण त्याच्यापुढे लिहिलं होतं की शुद्ध स्वरूपात याचा रंग आकाशासारखा निळा असतो. नाव सेरुलोप्लाझ्मिन. यकृत ते बनवतं, आणि त्यात तांब्याचे अणू बसवतं म्हणून ते निळं. लाल रक्तात निळं काही फिरत असेल हे माझ्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. पुढे कॉलेजच्या पोरींना घेऊन एका रक्तपेढीत गेले तेव्हा तिथं प्लाझ्माच्या पिशव्यांची रांग होती, सगळ्या पिवळसर आणि एक चक्क हिरवट. पोरी म्हणाल्या, "मॅडम, वो खराब हो गया." तिथल्या बाईंनी सांगितलं की खराब नाही, कुठल्याशा बाईचं रक्त आहे, काही बायकांमध्ये ते निळं प्रथिन वाढतं आणि पिवळ्यात निळं मिसळून असं दिसतं. मी त्या पिशवीसमोरून हलायलाच तयार नव्हते. पोरींनी मला ओढत बाहेर नेलं.

आणि त्याच प्रकरणात, अगदी शेवटी, बारीक अक्षरांत होतं की झिंक फार पोटात गेलं तर तांबं कमी पडू शकतं.

"बाबा, इकडे बसा," मी म्हणाले. ते बसलेलेच होते. "तुम्ही एवढं झिंक खाल्लंत की तुमचं आतडं तांबं आत येऊ देईना. झिंक वाढलं की आतड्याच्या पेशी त्याला पकडून ठेवायला एक पदार्थ तयार करतात. पण तो पदार्थ झिंकपेक्षाही घट्ट पकडतो तांब्याला. पेशी जुनी होऊन गळून पडते आणि तिच्यासोबत तांबंही बाहेर जातं."

"तांब्याचं मानसाच्या आंगात काय काम?"

"तेच तर सांगते! तांब्याशिवाय ते प्रथिन बनत नाही. आणि त्या प्रथिनाचं काम आहे लोखंडाशी. शरीरात लोखंड साठवलेलं असतं. ते साठ्यातून बाहेर पडतं एका रूपात, आणि रक्तातून त्याला वाहून नेणारा जो आहे, तो त्याला त्या रूपात घेत नाही. त्याला दुसरं रूप पाहिजे. दारात उभं राहून लोखंडाचं रूप बदलून देणारं हे प्रथिन. ते नसलं की..."

मला पुढचं वाक्य बोलावंच लागलं नाही. बाबा अंगणातल्या धानाकडे बघत होते.

"मंजे ढोल्यात धान भरून हाये," ते हळूच म्हणाले, "भायेर ट्रक बी उभा हाये. आन् बारदाना नाही."

"बाबा!" मी त्यांचे दोन्ही खांदे धरून हलवले. "बारदाना नाही! तेच! आणि आपण काय करत होतो? लाल गोळ्या देऊन ढोल्यात वरून आणखी धान ओतत होतो!"

इतक्या वर्षांत वर्गात एवढा सोपा दाखला मला कधी सुचला नव्हता. आता मी तोच वापरते, आणि आमच्या भागातल्या पोरापोरींना तो एका झटक्यात कळतो, कारण बारदान्यावाचून अडलेलं धान प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी पडलेलं असतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. रविवार होता, ते घरी होते, मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. 

"झिंक?" ते म्हणाले. "रोज? इतना?" आणि मग त्यांचा आवाज चढला. "मॅडम, सफेद पेशियाँ भी कम, पैर भी गए, सब बैठता है! पैरों की नसों को भी तो ताँबा लगता है. ये केस मैंने सिर्फ किताब में पढ़ा है!"

"मीसुद्धा!" मी ओरडले. दोन शाळकरी पोरांना एकाच वेळी साप दिसावा तसे आम्ही फोनवर ओरडत होतो.

पण ते डॉक्टर होते, लगेच जमिनीवर आले. झिंक आजच बंद, उद्या रक्त घेऊ, तांबं, झिंक आणि ते प्रथिन अशा तपासण्या बाहेरगावी पाठवाव्या लागतील. नागपूरची तारीख रद्द करायची नाही, फक्त रिपोर्ट येईपर्यंत थोडी पुढे ढकलू. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला, तर आई समोर उभी. तिचा चेहरा पार उतरला होता.

"बाई, तुह्या पुस्तकापायी मानसाचा जीव टांगनीले लावू नोको," ती म्हणाली. "मोठा डॉक्टर नागपूरले बलावते तं जाऊ दे ना. कायले थांबून राहिलीस?"

माझा सगळा आनंद एका वाक्यात खाली बसला. तिचं काय चुकलं होतं? मी चुकीची निघाले असते तर तेवढे दिवस हातचे गेले असते.  लिंबाच्या झाडाखाली सांडलेलं झिंकचं पाणी सुकत होतं, त्याकडे बघत बसले.

ते दिवस मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. भाजीत दोनदा मीठ पडलं, स्कूटी स्टँडवर लावलेली असतानाच मी ती पुढे ढकलायला गेले, आणि फोन वाजला की आधी माझं काळीज वाजायचं. बाबा फुलचूरला माझ्याकडेच होते. ते निवांत होते. त्यांना एकच काळजी, उन्हाळी धानाच्या रोवणीला बांधीत उतरता येईल का. "रगताचं तू पाह्य," मला सांगायचे, "मले पायाचं सांग." 

रिपोर्ट आला तेव्हा मी प्रॅक्टिकल घेत होते. पोरं सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाच्या पेशी शोधत होती. फोन थरथरला. मी उघडला. झिंक वाढलेलं. तांबं नावाला. आणि सेरुलोप्लाझ्मिनच्या पुढचा आकडा इतका खाली की मी तो बोटानं मोठा करून परत बघितला.

मी टेबलावर हात आपटला. काचपट्ट्या खणखणल्या.

"कम है!" मी ओरडले. "मेरे बाबा का निळा कम है!"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. एका पोरीनं घाबरत विचारलं, "मॅडम, कम है तो आप हँस क्यों रही हो?" मग काय, कांद्याचं मूळ तिथंच राहिलं. मी निळा खडू घेतला आणि फळ्यावर ढोला, ट्रक, बारदाना, आतडं, यकृत सगळं काढलं. बेल वाजली तरी कोणी उठलं नाही. खडूनं माझा पदर निळा झाला होता, आणि मी तशीच घरून बाबांना घेऊन डॉक्टरांकडे धावले.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, टेबलाला वळसा घालून आले आणि बाबांशी हात मिळवला. बाबा लगेच ताठ झाले. तांब्याचं औषध लिहून झालं, त्यावर रक्त किती दिवसांनी बघायचं ते ठरलं. नागपूरला फोन गेला की आता लगेच गरज दिसत नाही. उठताना मी विचारलंच, पाय ठीक होतील ना?

ते म्हणाले, "खून तो आ जाएगा, मॅडम. पैरों का वादा नहीं करता. नसें धीरे ठीक होती हैं, और कभी पूरी नहीं होतीं."

मी बाबांकडे बघितलं. हिंदी त्यांना कळते. ते खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

परत येताना रिक्षात त्यांचं मन दुसरीकडे वळवायला मी सांगितलं की कमी झालेलं ते प्रथिन निळ्या रंगाचं असतं. मला वाटलं, त्यांना मजा वाटेल. बाबा एकदम वळले.

"निळं? कोनाच्या रगतात?"

"सगळ्यांच्या. लाल रंगामुळे दिसत नाही, पण असतं."

"आन् माह्या रगतातलं निळं कमी झालं?"

"हो."

बाबा पार भडकले. आमच्या गावच्या विहारावरचा निळा झेंडा दरवर्षी तेच बदलतात. काठीला नवा दोर, नवं कापड, कापडाचा रंग जरा जरी फिका असला तर दुकानदाराची खैर नसते. आणि त्यांच्याच रक्तातलं निळं कमी? "हे गावात सांगू नोको वं," ते मला बजावू लागले. "बाकीच्याइचं बराबर हाये आन् माहंच कमी! विहारात कोन्या तोंडानं जाऊ?" रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. मी पोट धरून हसत होते. आणि ते इतके खरे चिडले होते की मला त्यांचे हात धरून सांगावं लागलं की भरून येतं, औषधानं भरून येतं.

त्या दिवसापासून ते औषध त्यांनी एकदाही चुकवलं नाही. गावी गेल्यावर आईनं माळ्यावरून तांब्याचा जुना हंडा काढला, चिंचेनं घासून लख्ख केला आणि त्यांना त्यातलंच पाणी देऊ लागली. मी सांगून पाहिलं की हंड्यातल्या पाण्यानं एवढी तूट भरत नाही, औषधच लागेल. आई म्हणाली, "औषध तुहं, हंडा माहा."  खिशात गोळ्यांची पट्टी नाही ना, हे मात्र ती रोज सदरा झटकून बघायची.

आणि रक्त वर आलं! पहिल्या तपासणीत थोडं, दुसरीत चांगलंच. पांढऱ्या पेशीही सावरल्या. डॉक्टरांनी मला व्हॉट्सअॅपवर नुसते फुगे पाठवले. बाबांच्या गालांवर रंग आला, धाप गेली, आईशी परत ओरडून बोलू लागले. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "निळं भरलं काय?" मी आकडा सांगायची. त्यांना आकड्याशी घेणंदेणं नव्हतं, "भरून राहिलं" एवढं ऐकलं की झालं. पण पायांबद्दल विचारलं की ते विषय बदलायचे, आणि आई फोन घेऊन बाजूला जाऊन सांगायची की अजून भिंत धरतात.

उन्हाळी धानाच्या रोवणीला कालव्याचं पाणी सुटलं तेव्हा मी सुट्टी टाकून गेले. सकाळची थंडी होती. बायका आधीच बांधीत उतरल्या होत्या, ओळी धरून मागे मागे सरकत रोवत होत्या. बाबांनी पऱ्ह्याच्या दोन पेंढ्या उचलल्या, एकेका हातात एक, आणि धुऱ्यापाशी येऊन उभे राहिले. मी काठी पुढे केली.

"काठी रुतते," ते म्हणाले. "मांगं मांगं ये. हात नोको लावू."

आणि ते निघाले. मान खाली घालून. आधी डोळ्यांनी जागा बघायची, मग पाय तिथं नेऊन ठेवायचा, मग दुसऱ्या पायासाठी जागा बघायची. ज्या माणसानं जन्मभर माझ्या जपून चालण्याला हसून घेतलं, तो धुऱ्यावर माझ्यापेक्षाही जपून चालत होता. बायकांनी रोवता रोवता वर बघितलं आणि परत माना खाली घातल्या.   रक्त आलं होतं, आकडे आले होते, मी फळ्यावर काढलेलं सगळं खरं निघालं होतं, आणि मला हवे होते ते नुसते वर बघून चालणारे बाबा.

मध्यावर धुरा खचला होता. बाबांनी जागा बघितली, पाय टाकला, माती सरकली आणि त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वर बांधीत गेला. मी झेपावले. त्यांनी पेंढी धरलेला हात वर करून मला थांबवलं आणि तसेच उभे राहिले. मग डावा पायही त्यांनी आपणहून चिखलात उतरवला. हलले नाहीत. मला वाटलं, आता पडतात.

"बाबा? काय झालं?"

त्यांनी मान वर केली. पार पलीकडच्या बांधीकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसे.

"थंडा हाये वं," ते म्हणाले. "भल्ला थंडा हाये!"

"काय थंड आहे?"

"चिखोल! उजव्याले थंडं लागून राहिलं! डाव्याले नाही समजत अजून." आणि मग सगळ्या बांधीला ऐकू जाईल अशा आवाजात, "ए बाई, वाकडी रोवून राहिलीस तू! ओळ पाह्य आपली!"

बांधीतल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. मी चपला धुऱ्यावर काढल्या आणि साडी वर खोचून त्यांच्या शेजारी चिखलात उतरले. खरंच थंड होता.